सहावा ट्रॅक, हेडफोन लावून

१२ मार्च, गुरुवार

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. तुझं पार्सल मिळालं, एकही कोपरा न दुमडता. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण ती आता त्याच्याशी भांडत नाही. माझं नेहमीचंच. या महिन्यात अकरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारलंच, "बाई, मेकॅनिक कधी येणार?" मी हातात पाना घेऊन उभी!

तर तुझी रेकॉर्ड. कव्हरवर "बाबांसाठी" वाचून आईने ते हाताने दोनदा पुसलं, धूळ नसताना. मी पहिल्यांदा भांडी घासताना लावली. खोटं कशाला बोलू, वरच्या मजल्यावर कुणी गादी बडवतंय असं वाटलं. पण आत तुझी चिठ्ठी होती ना, "ताई, वरवर ऐकू नकोस. हेडफोन लाव, डोळे मिट, शेवटपर्यंत ऐक." म्हटलं, धाकटा एवढं सांगतोय तर ऐकूया. मंगळवारी रजा टाकली. दुपारी आई जरा पडली होती, तेव्हा बसले.

आवडलं रे. खालून संथ ठोका, वर धुक्यासारखा पसरलेला एकच सूर. पाच-पाच मिनिटं काही घडतच नाही, तरी उठवत नाही. मग कुठूनशी बारीक टिकटिक येऊन सामील होते आणि आपण तिच्याच मागे जातो. दुसऱ्या ट्रॅकला मला रडू आलं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून म्हणशील, ताईला यातलं काय कळतं.

सहावा ट्रॅक. 'घरी'. अकरा मिनिटं.

त्यात लिफ्ट आहे. त्याचं मला काही नाही, तू लहानपणापासून काय वाटेल ते रेकॉर्ड करतोस. नळ, पंखा, माझं घोरणं. पण त्या लिफ्टचं दार बंद होताना टक, टक-टक असं वाजतं. तो आवाज मी कुठेही ओळखेन, कारण तो मीच केलाय. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या लिफ्टच्या दाराचं चाक तुटलं. हवं ते मिळेना, म्हणून मी दुसऱ्या मॉडेलचं, किंचित लहान चाक तात्पुरतं लावलं. त्याने दार तीनदा आपटायचं. बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते बदललं, हाताला काहीतरी काम हवं होतं.

आधी वाटलं, बाबा गेल्यावर तू आलास तेव्हा रेकॉर्ड केलं असशील. तसंच असू दे, असं म्हणत मी ते चारदा ऐकलं.

लिफ्ट वर येते. आपल्या चौथ्या मजल्यावर थांबते. दार उघडतं. पाऊल वाजत नाही, नुसता कुणाचा तरी श्वास. दार मिटतं, लिफ्ट खाली जाते. असं सात वेळा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडला असेल म्हणावं, तर मोटारचा आवाज दर वेळी वेगळा. पोटापाण्यासाठी मी हेच तर ऐकते, टिल्लू. विसरलास?

बाबांच्या त्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार मला आठवतो. नर्सची ये-जा म्हणून घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. लिफ्ट सारखी आपल्या मजल्यावर येऊन थांबायची, आणि बाबा उशीवरून मान उचलायचे. मला वाटलं, माझ्याच दुरुस्तीत खोट आहे. मी त्यांना तसं सांगितलंही. ते हसले, "लिफ्टवाल्या बाईच्या घरचीच लिफ्ट!" मग मी संध्याकाळी दोन तास गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसून बिघाड शोधला. सापडला नाही. सापडणार कसा? खाली आले तेव्हा बाबांची शुद्ध गेली होती. त्यानंतर ते बोलले नाहीत.

ते दोन तास मी तुझ्यामुळे त्यांच्याजवळ नव्हते. हे तुला माहीत नव्हतं, आता माहीत असू दे.

कारण त्या ट्रॅकच्या पाचव्या फेरीत, लिफ्टचं दार उघडं असताना, बाबांचा आवाज आहे. "आला का?" आणि आतून मी म्हणते, "कोणी नाही बाबा."

मग टक, टक-टक. आणि तुझा ठोका, एकही मात्रा न चुकता.

तू तेव्हा वादळामुळे दूरच्या विमानतळावर अडकला होतास ना? तीन दिवस बाकावर? मी ते बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, सगळ्या इमारतीला सांगितलं. तू आलास तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास आणि मी म्हटलं, बिचारा, किती धडपडला. तोंडघशी पाडलंस मला. बाबांना तशा अवस्थेत तुला बघवणार नाही म्हणून घाबरून लिफ्टमधूनच परतलास, हे मी गिळलं असतं. मीही रोज घाबरत होते. पण नंतर तू शांतपणे बसलास, ते कापलंस, जोडलंस, त्याला नाव दिलंस, आणि वर मला नीट ऐकायला सांगितलंस. कदाचित तुला कबूलच करायचं होतं, तोंडाने जमेना. तसं असेल तर कमाल आहे तुझी.

आईला मी पाच ट्रॅक ऐकवलेत. रोज विचारते, "पुढचं कधी लावतेस?" तुझ्या त्या बाकाचं कौतुक ती अजून शेजाऱ्यांना सांगते. पण बाबांचा आवाज आपल्याकडे दुसरीकडे कुठेच नाही, आणि तिच्यापासून मी तो लपवणार नाही. त्या एका वाक्यासाठी ती काय देईल, ते तुला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी दहाला मी सहावा लावणार. त्याआधी ये आणि तिला स्वतः सांग. फोन नको, चिठ्ठी नको. मी ओरडेन, पण आत घेईन. नाही आलास, आणि आईने हेडफोन काढून विचारलं की दारात कोण होतं, तर या वेळी मी खरं सांगेन.

अजून तरी तुझीच,
ताई