सुरगाठ

बाई, "उघडणारी तू नसशील, एवढं धरून बांध," असं तुम्ही माझ्या पहिल्याच आठवड्यात म्हणाला होतात. जुन्या मोडी कागदांचा गठ्ठा मी कापडात, म्हणजे आपल्या रुमालात, घट्ट ओढून बांधला होता. तुम्ही गाठ बोटाने दाबून पाहिलीत. "ही निरगाठ. गावाला जायचं बोचकं आहे का हे? सुरगाठ मार. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे." दफ्तरखान्याच्या त्या खोलीत पंखा लावायचा नाही, कागद उडतात. घाम पुसत मी पुन्हा बांधते, तुम्ही पुन्हा सोडता.

निवृत्त होताना तुम्ही मला तुमचा धूळ झटकायचा मऊ ब्रश दिलात आणि म्हणालात, "आपल्या जागी एक माणूस तयार कर. मग खुशाल जा." वर्षभरात तुम्हीच गेलात. माणूस तयार झालं हे ठरवायचं कोणी, ते विचारायचं राहिलं.

ह्यांची बदली नाशिकला झाली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वारज्याच्या घरात मी एकटीपुरता कुकर लावते. फोनवर ते विचारतात, "झालं का तुझं माणूस तयार?" त्यात आता चीडही उरलेली नाही, त्याचीच मला भीती वाटते. प्रशिक्षणाचा वर्ग दरवर्षी घेतला. मुलं मोडी शिकली, कागद हाताळायला शिकली आणि स्कॅनिंगच्या कंपन्यांत निघून गेली.

यंदा अमरावतीची एक मुलगी आली आहे, बिबवेवाडीत खोली घेऊन राहते. अक्षर लागलं नाही तर अंदाजपंचे लिहीत नाही, 'वाचता आलं नाही' असं लिहिते. तुम्हाला आवडली असती. काल म्हणाली, "मॅडम, मी पाहून घेईन ना सगळं. तुम्ही बदलीचा अर्ज करून टाका." मी तिने बांधलेला रुमाल पुढे ओढला. गाठ एका टोकाने अलगद सुटली. मी म्हटलं, "परत बांध."

तिने निमूट बांधला. मग विचारलं, "मॅडम, पण चुकलं काय होतं?"

काहीच चुकलं नव्हतं. कागदांना सुरगाठ शिकवलीत आणि मला मात्र निरगाठीने बांधून गेलात, असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आले. काल पाहिलं तर टोक माझ्याच मुठीत होतं, आणि मूठ उघडत नव्हती.

हे पत्र टाकायचं कुठे? तरी मागते. एकदा नुसतं 'जा' म्हणा, बाई. तुम्ही म्हणणार नाही, ठाऊक आहे. म्हणाल, "आधी तिचा रुमाल आण इकडे."