थोरल्या हातोडीचा पर

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. जपून वापर, पुढच्या पत्रात मिळतीलच असं नाही.

काल तुझ्या संग्रहालयात येऊन गेले. तू जेवायला गेला होतास. मी वर्षभर खपून केलेली थोरली हातोडी, हातोडीसारख्या डोक्याची ती शार्क, शार्क दालनात टांगलीस, छान. पण तिच्या पाठीवरचा पर कुणी कापला? पहारेकरी म्हणाला, छताला लागत होता, म्हणून साहेबांनी करवत मागवली. इंद्राने पर्वतांचे पंख छाटले. पण ते पर्वत निदान उडून लोकांच्या अंगावर पडत होते. माझा फायबरचा मासा कुणाच्या अंगावर पडला होता?

अरे, त्या परातच तिची ओळख आहे. हातोडीच्या धाकट्या जातीचं डोकं पुढून कमानदार, हिचं जवळजवळ सरळ. मधली खाच दोघींनाही. पण बंदरात मासा येतो तो मुंडकं उडवलेला. मग तपासनिसांनी काय बघायचं? कोयत्यासारखा उंच, मागे वळलेला पर. हिला पकडायला बंदी आहे, धाकटीला नाही. आणि ते तपासनीस या आठवड्यात तुझ्याकडेच शिकायला येताहेत. त्यांना हे थोटूक दाखवणार?

वर तुझीच खोली आहे, जमीन लाकडाची आहे. पाड भोक. नवा पर मी करून देते.

लोभ आहे, सध्या रागाखाली दबलाय.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी बायकोने वाचलं आणि हसत हसत मला दिलं. यावरून घरातली माझी किंमत ओळख.

तू मासे करतेस, मी इमारत सांभाळतो. मासा खाली घेतला तर पोरं लोंबकळतात. कासवाची मान अशीच गेली. आणि माझ्या खोलीला भोक? तिथे पाहुणे बसतात, ताई!

तपासनीस काल येऊन गेले. मी डोकं नीट दाखवलं, त्या डोक्याने ती पाकट माशाला वाळूत दाबून कशी धरते तेही सांगितलं. खूश झाले. एकाने पराचं विचारलं. असाच असतो, म्हणालो. काय सांगणार, मी कापला म्हणून?

राग निवला की कळव, लोभाची वाट बघतो.
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आज शिल्लक नाहीत.

नव्या पराचं माप घ्यायला बंदरावर गेले होते. लिलावाच्या ओट्यापाशी मुंडकं नसलेली मादी पडलेली. जमिनीवर होती, तरी पराचं टोक माझ्या कमरेच्या वर. तपासनीस तुझ्याकडेच शिकून गेलेला. ही थोरली आहे, जप्त करा, म्हणून मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, बाई, थोरलीचा पर आम्ही संग्रहालयात बघितलाय, आखूड असतो, ही दुसरी कुठली तरी. शिक्का मारला आणि सोडली.

पोट चिरलं तर आत पिल्लं. ही अंडी घालत नाही रे, पोटात वाढवते, आणि वर्षाआड एकदाच विते. कापणाऱ्याने ती बादलीत भरली. बादली पुरली नाही.

असाच असतो, म्हणालास ना? पंडित आहेस.

दुसरी तुकडी सोमवारी येणार. रविवारी मी पर आणि सुतार घेऊन येतेय. खुर्ची बाजूला घे.
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुताराने भोक पाडलं, तू पर बसवलास आणि निघून गेलीस. चहासुद्धा घेतला नाहीस. मीही चिडलोय, हे लिहून ठेवतो. टेबलाशेजारी जमिनीतून पर उगवलाय. आमचे वरिष्ठ त्याला अडखळून आडवे झाले, खुलासा मागितलाय.

सोमवारी मी दोन्ही तुकड्या बोलावल्या. खाली डोकं, पोट, मग जिना चढून वर पर. कापला होता तो मीच, हेही सांगितलं. तुझा तो तपासनीस पराशेजारी उकिडवा बसला, बुडापासून टोकापर्यंत हात फिरवला. मग म्हणाला, साहेब, म्हणजे त्या दिवशीची तीच होती.

मी हो म्हणालो. सगळे खाली उतरले, तो उठेना. मलाही खुर्चीत बसवेना. आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो, मधे पर.

लोभ मागायला तोंड नाही. भांडायला तरी ये.
धाकटा