बारशातला भूप

अप्पा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी नांदेडलाच आहे. पोरगी आता नववीला आहे. तुम्ही गेल्यावर मी फारशी रडले नाही, हे आईनं तुम्हाला सांगितलं असतं, ती तुमच्या आधीच वर गेली नसती तर. लोक म्हणायचे, धक्का बसलाय, येईल हळूहळू. अजून आलेलं नाही. सकाळी डबे करते, शाळेत शिकवायला जाते, परत येते. बाकी ठीक.

लातूरला आपली खोली डाळमिलच्या मागच्या भिंतीला लागून होती. तुम्ही मिलमध्ये मशीनवर. घरी यायचे तेव्हा भुवयांवर तुरीची पिवळी धूळ. आई भाकरी थापतेय, तुम्ही हातपाय धुऊन तिच्याशेजारी पाटावर बसता, आणि भिंतीपलीकडून मशीनचा घुं असा आवाज येतोय. आपल्याकडे तानपुरा नव्हता. "हाच आपला तानपुरा हाय," तुम्ही म्हणायचे, "लाव षड्ज." मी लावायचे. तुम्ही लग्नाआधी उदगीरच्या एका गवयाकडे चार वर्षं शिकला होता, तेवढंच सगळं मला दिलं. भूप, यमन, थोडा तोडी. चुकले की रागवायचे नाही, फक्त जेवता जेवता हात थांबायचा. मला तो थांबलेला हात फार लागायचा. एकदा मशीनचा आवाज ऐकून तुम्ही ताटावरून उठलात, "पट्टा ढिला झालाय, सूर उतरलाय," म्हणून मिलकडे पळालात, आणि खरंच पट्टा सुटायला आला होता. मालकानं तुम्हाला शाल दिली. ती तुम्ही मलाच पांघरायला दिलीत.

त्याच मशीननं तुमचे कान घेतले. माझ्या लग्नापर्यंत तुम्हाला एका कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं.

मग पोरीचं बारसं. सासरची माणसं भरलेली, मांडवात पंगत बसायची वेळ. कुणीतरी म्हणालं, व्याही गातात म्हणे, होऊ द्या एखादं. तुम्हाला वाटलं, खरंच ऐकायचंय. तुम्ही टोपी नीट केली, सतरंजीवर बसलात आणि पेटी नाही, तबला नाही, सरळ भूप सुरू केलात. डोळे मिटलेले, तोंड वाकडं होतंय, एक हात हवेत. दोन मिनिटांनी बायका पदरात हसायला लागल्या. जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाली, "पाळणा कधी म्हणायचा? भात गार होऊन राहिलाय." सासरे खाली बघत होते. गाताना तुम्हाला यातलं काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. बराच वेळ गायलात. डोळे उघडलेत तेव्हा बायका अजून हसत होत्या.

संध्याकाळी तुम्ही ओट्यावर पिशवी बांधत होता. लातूरची एसटी धरायची होती. मला जवळ बोलावून विचारलंत, "लोकं काहून हसले गं? सूर लागला न्हाई का? खरं सांग, माय."

मी म्हणाले, "अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही आता. सूर पडला तुमचा सगळीकडे. लोकांत गात जाऊ नका."

तुम्ही "हाव" म्हणालात. पिशवीची गाठ दोनदा मारलीत. मी स्टँडवर सोडायला आले, तर खिडकीतून एवढंच म्हणालात, "पोरीला जप."

त्यानंतर तुम्ही गायला नाहीत. लोकांतच काय, घरातही नाही. आई फोनवर म्हणायची, "लई शांत झालंय गं घर." मी म्हणायचे, वय झालं. सहा वर्षं तुम्ही तसेच जगलात.

गेल्या आठवड्यात नणंदेला जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड सापडलं. तिनं बारशाचा व्हिडिओ पाठवला. अकरा मिनिटांचा. मी शाळेतून आले होते, घरात कोणी नव्हतं. आता फोनमध्येच तानपुरा मिळतो, अप्पा. पोरीच्या फोनवर तो सुरू केला, तुमच्या षड्जाला जुळवला आणि शेजारी तुमचा भूप लावला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. तुमचा षड्ज कुठे हलला नव्हता. एका कानानं, कशाचा आधार नसताना. फक्त एकदा, वर तार गंधाराला, आवाज जरासा खाली आला आणि तुम्ही लगेच सावरलात. मागं माणसं हसताना ऐकू येतात. मी फ्रेममध्ये आहे. मी पोरीचं झबलं नीट करतेय.

ऐकून झाल्यावर मी कणीक मळली. काही वाटेल म्हणून थांबून बघितलं.

हे पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितेय. तिच्या नजरेला पडायच्या आत फाडून टाकीन. पण एक सांगायचं राहिलं. हे मला व्हिडिओमुळे कळलं असं नाही. मला तुम्हीच शिकवलं होतं, अप्पा. त्या दिवशी मांडवात बसूनही मला ऐकू आलं होतं, सूर लागलेला आहे.