सहा वर्षं, दोन डिग्र्या

१९ जून, गुरुवार

ईशिताच्या मेडिकलच्या अर्जाचं काम आजपासून मी हातात घेतलं. कुणी सोपवलेलं नाही, पण घरात दुसरं घेणारंही कुणी नाही. मिहीर सकाळी सातला लंडनची मेट्रोपॉलिटन लाइन पकडतो तो संध्याकाळी सातला उगवतो. सुनीती दिवसभर कौन्सिलमध्ये लोकांच्या पार्किंगच्या तक्रारी वाचते, त्यामुळे घरी आल्यावर माझ्या सुनेला कागद बघवत नाही. ईशिता सतरा वर्षांची आहे, म्हणजे तिला काही सांगून उपयोग नाही.

ह्यांची इच्छा होती. तोंडाने कधी बोलले नाहीत, पण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात सगळं बोलावं लागत नाही. नात सहा वर्षांची असताना ह्यांनी तिच्या कानात स्टेथोस्कोप घालून स्वतःची छाती ऐकवली होती. याला इच्छा नाही तर काय म्हणतात.

कोर्स: सहा वर्षं, दोन डिग्र्या. मध्ये एक वर्ष बीएस्सीचं, शेवटी एमबीबीएस. अर्जात पाच कोर्स निवडता येतात, त्यातले मेडिकलचे चारच. पाचवा रकाना दुसऱ्या कुठल्यातरी विषयाचा, शोभेपुरता. शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा.

निळी फाइल आणली. वर लिहिलं, डॉ. ईशिता गानू.

२६ जून, गुरुवार

मेडिकलला आधी एक प्रवेश परीक्षा असते. कॉम्प्युटरवर, दोन तास. लायब्ररीतून तिचं पुस्तक आणलं. ईशिताला दिलं तर म्हणाली, आजी, ठेव ना टेबलवर, लेटर करते. तिला प्रेशर येऊ नये म्हणून पहिली टेस्ट मीच सोडवली. माझं शिक्षण सांगलीत दहावीपर्यंत. पुढचं इंग्रजी हॅरोच्या लायब्ररीत आणि ह्यांच्या मेडिकल जर्नल्समध्ये झालं. ती मी पहिल्या पानापासून नोकरीच्या जाहिरातींपर्यंत वाचायची.

इंग्रजीच्या भागात चांगले मार्क पडले. वागणुकीच्या भागात घोटाळा झाला. प्रश्न असा: तुमचा सहकारी डॉक्टर दारू पिऊन ड्यूटीवर आलाय, काय कराल. मी म्हटलं, आधी त्याला बाजूला नेऊन काहीतरी खायला घालीन. पुस्तकात ते अतिशय अयोग्य. पेपर काढणाऱ्याच्या घरी हॉस्पिटलातून दमलेलं माणूस कधी आलेलं दिसत नाही.

निश्चय: रोज चाळीस प्रश्न. तिने. ती करेपर्यंत मी.

५ जुलै, शनिवार

सेवेचा अनुभव लागतो. म्हणून केंटनच्या एका म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये ईशिताचं नाव दिलं होतं, दर शनिवारी दहा ते बारा. आज पहिला दिवस आणि आजच तिची भूगोलाची ट्रिप निघाली. एसेक्सच्या किनाऱ्यावर जाऊन चिखल मोजायचा म्हणे. केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलंय ते ठीक, तिसरा विषय भूगोल कशाला घेतला कोण जाणे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तेव्हा हे आजारी होते.

जागा जाऊ नये म्हणून तिच्याऐवजी मी गेले. मिसेस डॉब्ज म्हणून एक बाई आहेत, त्यांना बिस्किटं आणि ऐकणारं माणूस हवं असतं. वहीत दोन तास लिहून आले. तास घराण्याचे धरायचे.

३१ जुलै, गुरुवार

परीक्षा झाली. बुकिंग मिहीरने केलं होतं, रजा काढून तोच घेऊन गेला. मी सकाळी ईशिताच्या हातावर दही-साखर ठेवली. खाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टेन्शन.

संध्याकाळी सहाला आले. कसं झालं विचारलं तर म्हणाली, इट वॉज फाइन. मार्क विचारले तर मिहीर म्हणाला, कळतील. पुस्तकात लिहिलंय की मार्क तिथल्या तिथे मिळतात. नियम बदलला असेल, इथे काहीही बदलतं.

दोघांच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता. सेंटर कसलं निवडतात हे लोक, साधं पार्किंग नीट नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

विद्यापीठाला आपल्याबद्दल लिहून द्यायचं असतं. तीन प्रश्न, मिळून चार हजार अक्षरं, मोकळ्या जागासुद्धा मोजतात. ईशिता म्हणाली, मी माझं लिहिते, डोन्ट वरी. पण तिला कुठे सुचणार. मी नमुना म्हणून लिहून काढलं. अकरा हजार झालं. ह्यांच्यापासून सुरुवात केली. एकतीस वर्षं या देशाच्या हॉस्पिटलांत, कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरचा डॉक्टर, कधी केलं नाही, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं कन्सल्टंट झाली. तरी घरी येऊन एक शब्द नाही. शेवटचा परिच्छेद लिहिताना मला उठून तोंड धुवावं लागलं.

ईशिताने सगळं वाचलं. मग म्हणाली, आजी, खूप छान आहे, पण ही मी नाही आहे. मी म्हटलं, हरकत नाही, सहा वर्षांत होशील.

७ सप्टेंबर, रविवार

इंटरव्ह्यूची तयारी. समोरच्या मधुमतीला पेशंट केलं. तिला सांगितलं होतं, छातीत दुखतंय म्हण. ती चाळीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलली आणि मग जावयाबद्दल. ईशिताने फार चांगलं ऐकलं, मी दहापैकी नऊ दिले.

पोरगी वर गेल्यावर मधुमती म्हणाली, कुमुद, तिला काय हवंय ते एकदा तरी विचारलंस का. मी म्हटलं, ते फॉर्ममध्ये विचारतातच. तर म्हणाली, फॉर्म नको गं, तू. आणि चहा अर्धा टाकून निघून गेली. तिचा नातू वेम्बलीत फोन विकतो, तिच्या मनात काय येत असेल ते मी समजू शकते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घरात काहीतरी शिजतंय. मी स्वयंपाकघरात गेले की तिघं बोलायचे थांबतात. संध्याकाळी सुनीती केक घेऊन आली. कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, सहजच आई, फ्रायडे आहे म्हणून. ईशिताने मला उगाचच मिठी मारली. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. अडुसष्टावा कुणी साजरा करत नाही, पण मुलांच्या मनात आलेलं दिसतंय. मी काही कळलंय असं दाखवणार नाही.

केक चांगला होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

केअर होमच्या मॅनेजरबाईंनी शिफारसपत्र दिलं. सुंदर लिहिलंय. संयम, मायाळूपणा, मिसेस डॉब्ज शनिवारची वाट बघतात. फक्त नाव चुकलंय, माझं घातलंय. मी म्हटलं, बदलून द्या. म्हणाल्या, मिसेस गानू, जी बाई येते तिचंच नाव लिहिता येतं. या देशात नियमांचं फार.

लिखाण कापून तीन हजार नऊशे चौऱ्याण्णववर आणलं. ह्यांचा परिच्छेद गेला. एक ओळ ठेवलीय.

मार्क अजून कळलेले नाहीत. मिहीर म्हणतो, ऑनलाइन आहेत, बघू. कामाचा फार ताण आहे त्याला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी २. फाइल, चष्मा, चहा, सगळं कॉम्प्युटरपाशी.

४.१०. ईशिता शाळेतून आली. म्हटलं, हात-पाय धू, आपण बसू. म्हणाली, आजी, बाबा येऊ दे.

४.४०. मिहीर लवकर आला. सुनीतीही. सगळे हजर असावेत हे बरोबरच आहे. शुभ काम आहे.

५.०५. मी म्हटलं, उघड. तिने उघडलं.

५.०७. पाचही रकाने भरलेले. पाच विद्यापीठं. भूगोल, भूगोल, भूगोल, भूगोल, भूगोल. वर लिहिलेलं, अर्ज पाठवला, १२ सप्टेंबर. एका ठिकाणची ऑफरसुद्धा आलेली.

६.००. वाजले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कुणाकुणाला माहीत होतं: मिहीर. सुनीती. शाळा. मधुमती. ईलिंग रोडवरचे भाजीवाले शशीभाई, त्यांनी गेल्याच आठवड्यात मेथी पिशवीत भरताना काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं होतं आणि मी थँक्यू म्हटलं होतं.

परीक्षा दिलीच नव्हती. त्या दिवशी बापलेक एसेक्सला चिखल मोजत होते. माझी दही-साखर खाऊन.

संध्याकाळी मिहीर खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, आई, बाबा गेल्यावर वर्षभर तू नीट जेवत नव्हतीस. ही फाइल आणलीस आणि तू उठून कपडे बदलून लायब्ररीत जायला लागलीस. सांगायला आमच्या जिवावर आलं गं. मी विचारलं, म्हणजे मला खेळायला दिलं होतं का. सुनीती दारातून म्हणाली, आई, आम्ही दर रविवारी ठरवत होतो, आज सांगू. मी मोजले, सतरा रविवार.

निश्चय: ईशिताशी बोलायचं नाही. दिवाळीत फराळाचं ताट द्यायचं, पण बोलायचं नाही.

मधुमतीशीही नाही. तिला फराळही नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या करत होते. ईशिता येऊन समोर उभी राहिली. मी बोलणार नव्हते, म्हणून एवढंच म्हटलं, की मला फसवलंस ते फसवलंस, आजोबांना काय तोंड दाखवशील.

ती म्हणाली, आजोबांनीच सांगितलं होतं.

हॉस्पिटलात, शेवटच्या दोन आठवड्यांत. ह्यांनी तिला विचारलं, तुला काय आवडतं. ती म्हणाली, नद्या, किनारे, मॅप्स. हे म्हणाले, मग तेच कर, आमच्या धंद्यात येऊ नकोस, मी एकतीस वर्षं काढली तेवढी पुरे. तिने विचारलं, आजीला काय सांगू. तर म्हणाले, तू काही बोलू नकोस, आजीला मी सांगतो.

त्यानंतर हे अकरा दिवस होते. अकरा दिवसांत मला क्रिकेटचा स्कोअर विचारला, बॉयलरच्या सर्व्हिसची तारीख सांगितली, खिडकी उघड म्हणाले, बंद कर म्हणाले. मी रोज सकाळी नऊ ते रात्री आठ खुर्चीत बसून होते. तेवढं सांगितलं नाही.

ईशिता म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे आणि तरी तू फाइल केलीस. मग कळलं की नाहीच माहीत. मग मला आजोबांचं नाव सांगवेना.

चकल्यांचा एक घाणा करपला. त्या मिहीरला दिल्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सुनीतीने मिहीरला ओवाळलं. मी वर होते. चव्वेचाळीस पाडवे मी ह्यांना ओवाळलं. आज सकाळभर ह्यांच्याशी भांडले. आयुष्यभर अवघड बोलणी माझ्या गळ्यात. घरमालकाशी मी बोलायचं, मिहीरच्या हेडमास्तरांशी मी, ह्यांच्या आईशीही मीच. आणि एक बोलणं स्वतःकडे घेतलं, तेही केलं नाही. फोटोसमोर उभी राहून स्पष्ट सांगितलं, की हे मला आवडलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे. अगं, राहून गेलं, असंच म्हणाले असते.

दुपारी ईशिता वर आली. मी विचारलं, आता ऑफरचं पुढे काय काय भरायचं असतं, म्हणजे निदान ते तरी बघेन. ती म्हणाली, काही नाही आजी. फक्त मार्क आणायचे, ते मीच आणणार.

म्हणजे मला काही काम नाही.

ती पलंगावर बसली. मी विचारलं, चिखल मोजतात म्हणजे नक्की काय करतात. तिने सांगितलं. काठ्या रोवतात, दर भरतीला किती गाळ साठला ते बघतात. पाऊण तास सांगत होती. अर्धं कळलं नाही. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोललेली मला आठवत नाही.

मग मनात होतं ते विचारलं. त्या दिवशी हे आणि तू एवढं बोललात, तेव्हा मी कुठे होते. मी तर खुर्चीतून उठत नव्हते.

ती म्हणाली, तू सिस्टरकडे गेली होतीस. आजोबा म्हणाले ना, सूप गार आहे, जा सांगून ये.

मला आठवलं. म्हटलं, गारच असायचं तिथलं.

ईशिताने खाली बघितलं. म्हणाली, नाही आजी. तू गेल्यावर त्यांनी मला वाटीला हात लावून दाखवलं. गरम होतं. म्हणाले, आता ती वीस मिनिटं येत नाही, बोल.

त्या नर्सशी मी खरंच वीस मिनिटं भांडले होते. शेवटी बिचारीने सॉरी म्हटलं होतं.