आत्याबाई, तुमची तिघं माझ्या पायात

आत्याबाई,

नमस्कार करते, पण रागातच. तुम्ही जाऊन तीन महिने झाले आणि आज सकाळी तुमची मनी माझ्या पायात आली. हातात आमटीचं पातेलं होतं. आमटी चुलीत, मी जमिनीवर, आणि मांजर उतरंडीवर बसून पंजा चाटतंय. पाय सुजलाय, काही काम होत नाही, म्हणून चौथीपर्यंत शिकलेलं आज तुमच्यावर खर्च करते.

काय हा पसारा मागे ठेवून गेलात? मनी चुलीपाशी, लंगडी कोंबडी पिठाच्या डब्यावर, आणि मोत्या नेमका उंबऱ्यात आडवा. डोक्यावर हंडा घेऊन त्याला ओलांडायचं कसं, ते एकदा तरी सांगायचं होतंत. तुम्ही नुसतं खाकरलात तरी तिघं सरळ होत. माझ्या हाकेला काडीची किंमत नाही.

तुमच्या आजारपणात शेजारच्या काकूंनी विचारलं, या जनावरांचं पुढे काय? तुम्ही म्हणालात, "सून हाय की." मी तिथेच उशाशी बसले होते. मला विचारलंत का?

मग दहावा. पवनेच्या काठी पिंड ठेवला, कावळा शिवेना. ह्यांनी धाकट्या बहिणीचं लग्न करून देतो म्हटलं, जमीन विकणार नाही म्हटलं. कावळे बाभळीवरच. ऊन डोक्यावर आलं. सगळे हात जोडून झाडाकडे बघत होते. मला तेवढा पिंडामागच्या गवतात दबा धरलेला मोत्या दिसला. वाळवणावरचे कावळे हाकलायला तुम्हीच शिकवलंत ना त्याला? कावळा खाली यायला लागला की हा उठे. मी मागून जाऊन त्याची मान धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, तुमची जनावरं मी टाकणार न्हाई." कावळा आला, शिवला. लोकांनी डोळे पुसले. म्हातारीचा जीव जनावरांत अडकला होता म्हणे!

आता ह्यांना कारखान्याच्या नव्या चाळीत खोली मिळतेय. दारात नळ, आत्याबाई! नदीवरून पाणी वाहून माझी मान गेलीय. पण तिथे कुत्री-मांजरं चालत नाहीत. उद्या उत्तर द्यायचंय. हे म्हणतात, "आईला शब्द दिलाय तू, आता मोडायचा न्हाई." मोत्याचं खरं सांगितलं की शब्दही सुटतो आणि खोलीही मिळते. दोन दिवस ते जिभेवर घेऊन फिरतेय.

सांगवत नाही. मोत्याची मान धरली तेव्हाच कावळ्याची वाट मोकळी झाली होती. मग मी बोलले कशाला? कुणी भाग पाडलं नव्हतं. मनापासून बोलले, आत्याबाई, आणि त्याचाच मला राग येतो.

उद्या ह्यांना सांगते, खोली नको. ही तिघं आहेत तोवर पाणी नदीवरूनच आणीन. आणि वाटेनं तुम्हाला बोल लावीन, ते मात्र ऐकून घ्यायचं.

तुमची सून,
यमुना