टिल्टन बेटावरच्या कड्या

४ मे १९८७, सोमवार
पोचले एकदाची! एल्डनच्या होडीतून बेटावर उतरले तेव्हा चिंब भिजले होते, तरी हसू आवरत नव्हतं. पक्षी मोजायचे, त्यांच्या पायात आकडे कोरलेल्या कड्या घालायच्या, पाच दिवस नुसती चैन. पण शनिवारी परतायलाच हवं, माझ्या मुलीचे, जोडीचे, दिवस भरत आलेत. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आई जवळ हवीच. एल्डनने बजावलंय, वर्नाबाई, शनिवारी दुपारी भोंगा वाजवीन, उशीर केलात तर पोहत या. इथलं पक्षी-केंद्र सांभाळणारी ऑर्फा मेरिल साठीची, पण तुरुतुरु चालते. आल्या आल्या तिने शिंपल्यांचं गरम सूप वाढलं.

५ मे
सकाळी दाट धुकं. दक्षिणेकडून आलेले दमलेले पक्षी बेटावर अक्षरशः कोसळले. जाळ्यांतून दीडशे सोडवले. पायात कडी नसेल तर घालायची, असेल तर आकडा लिहायचा, वजन करायचं, सोडायचं. घाईत आम्ही सगळेच शेवटचे तीन आकडे तेवढे वाचतो. आधीचे ठरलेलेच असतात.

६ मे
आज एका पिवळ्या वटवट्याच्या कडीवरचा आकडा सहज पूर्ण वाचला. सुरुवातीचे आकडे हल्लीच्या कड्यांवरचे नाहीत. ऑर्फा म्हणाली, अगं बाई, आधी चष्मा पूस. हसली, पण पक्षी माझ्या हातून काढून घेतला. मला ते खटकलं. ती जाळ्यांकडे गेल्यावर जुनी वही उघडली. कडी घातली मे १९२६ मध्ये. वटवट्या फार तर दहा वर्षं जगतो.
नोंदीचं अक्षर ऑर्फाचं आहे.

७ मे
रात्रभर दक्षिणेचा वारा होता. एव्हाना निम्मे पक्षी उत्तरेला जायला हवे होते. कडीवाला एकही गेलेला नाही. हातावरून उडवला तरी परत येऊन बसतो. ऑर्फाला विचारलं तर म्हणाली, इथे त्यांना काय कमी आहे? हे माझ्याकडे बघत म्हणाली. वायरलेस बिघडलाय म्हणते. काल तर चालू होता.

८ मे
चिमट्याने एका वटवट्याची कडी कापली. तळहातावर पिसं उरली, आणि भुकटी. दुसरं काही नाही.
मागे ऑर्फा उभी होती. ओरडली नाही. म्हणाली, मी त्यांना मरू देत नाही गं, आणि तू हे केलंस.
मला तिची भीती वाटते. उद्या शनिवार.

९ मे
ऑर्फाने दिलेला चहा कडू होता. पाय उचलवत नाहीत — हात अजून चालतोय —
भोंगा. एल्डन धक्क्यावरून ओरडतोय, मुलगी झाली, वर्नाबाई, आजी झालात, चला लवकर —
माझा आवाज फुटत नाही.
ऑर्फाने दारातून सांगितलं, तिला इथेच करमतंय रे, तू जा.
इंजिन — लांब चाललं —
माझ्यासमोर बसलीये. माझा मोजा काढतेय. तिच्या घोट्यावरही कडी आहे — काळी पडलेली —
म्हणते, हलू नकोस, जरासं दाबल्यासारखं होईल, मग तू कधीच —