चिमणीचा गोळा आणि एक जादा वर्ष

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तू साष्टांगच धरून चाल.) वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो का? तू वरच्या मजल्यावरून तिला हाका मारायचं बंद केलंस तर तो निम्मा आपोआप बरा होईल, असं माझं मत आहे. इकडे सगळे ठणठणीत. तुझ्या छापखान्यात चिमणीच्या नोकरीसाठी खिडकीजवळचं टेबल पॉलिश करून ठेवलंस, हे कळून डोळे भरून आले. त्या टेबलाबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी हकीकत ऐक, म्हणजे तुला राग येणार नाही. (आलाच, तर पाणी पिऊन पुढचं वाच.)

साथीच्या आधीच्या हंगामात आपली चिमणी कॉलेजांच्या गोळाफेकीत दुसरी आली होती, हे तुला ठाऊक आहेच. पहिला नंबर वीतभराने हुकला. (चिमणी हे नाव तूच ठेवलंस, ती ओंजळीत मावायची तेव्हा. आता माझ्या स्वेटरची बाही तिच्या दंडावर चढत नाही.) शेवटच्या वर्षी ती वीत भरून काढायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात साथ आली. मैदानाला कुलूप, कॉलेजला कुलूप, स्पर्धा रद्द. पोरगी चार दिवस गोळा मांडीवर घेऊन बसली. पाचव्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या गाद्या उचलून बाहेरच्या खोलीत रचल्या आणि सराव सुरू केला. तेव्हापासून मी सतरंजीवर. (माझ्या कंबरेचं मूळ तिथे आहे. ह्यांची कंबर शाबूत आहे, कारण हे खुर्चीत, पेपराआडच झोपतात.)

गोळा गाद्यांवर पडतो तोवर ठीक. एकदा तो गादीला टप्पा खाऊन जमिनीवर गेला. आमच्या खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि तो नुकताच पुन्हा उघडला होता. वर धाडकन आवाज झाला आणि खुर्चीतल्या पेशंटनं दचकून तोंड मिटलं. आत डॉक्टरांचं बोट होतं. बोटाला पट्टी बांधून ते वर आले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण गाद्यांचा डोंगर आणि त्यामागे लपलेली पोर बघून त्यांनी एवढंच विचारलं, "किती लांब जातो?" तेव्हापासून ते दाढ काढण्याआधी शिडीवर चढून छताला झाडूचा दांडा मारतात आणि चिमणी थांबते. हे सगळं बिनबोभाट चालतं.

पुढची गंमत परीक्षेची. खेळायचं तर कॉलेजात नाव हवं, आणि पास झालं की नाव जातं. म्हणून सर (तिचे प्रशिक्षक, भला माणूस, पण सल्ला असा) हळूच म्हणाले, एखादा विषय राहिला तर बरं. दादा, ज्या मुलीला पास करण्यासाठी मी जन्मभर घसा कोरडा केला, तिला मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "बाळा, पुस्तक मिटव आता, डोळे दुखतील." तिनंही आज्ञाधारकपणे घरबसल्या अर्धा पेपर कोरा पाठवला. पण त्या वर्षी साथीमुळे कुणाला नापास करायचंच नाही, असं वर ठरलं होतं. मागचे गुण धरले आणि पोरगी पहिल्या वर्गात पास! शेजारचे अभिनंदनाला आले, तर आम्ही तिघं माणूस गेल्यासारखे बसलेलो. सर तर दारातूनच "फार वाईट झालं" म्हणाले. शेजाऱ्यांना अजून कोडं उलगडलेलं नाही.

आणि मग गेल्या महिन्यात बातमी आली. ज्यांचा हंगाम साथीनं गिळला, त्यांना खेळायला एक जादा वर्ष मिळणार. अट एकच, कॉलेजात नाव हवं. सर धावत सुटले. जागा उरली होती ती फक्त ग्रंथालयशास्त्राला. म्हणजे जिच्या पायरवानं खालच्यांची दाढ हलते, तिनं आता वर्षभर चवड्यांवर चालायचं आहे. पहिल्याच दिवशी तिनं पुस्तकांची चळत एका हातानं उचलली, तेव्हा ग्रंथपालबाई म्हणे आदरानं उभ्या राहिल्या.

म्हणून म्हणते दादा, पोरीचं मन मोडवत नाही. नोकरीला यंदा जावं लागणार म्हणून तिला जेवण जात नाही. परवा भांडी घासताना नळ मोठा सोडून रडत होती. वीतभर म्हणजे फार नसतं, पण हुकलेलं तेवढंच आयुष्यभर मोजत बसतो आपण. तुझं टेबल देवासारखं आहे, पण टेबल थांबतं. दंडातलं बळ थांबत नाही.

वहिनीला नमस्कार, तुला पुन्हा एकदा. (तोही खुर्चीतूनच.)

तुझी,
धाकटी

ता. क. : थोडक्यात, टेबल वर्षभर रिकामं ठेवशील का? धूळ बसू नये म्हणून जुनी चादर पाठवते.

आणखी एक : तिला परस्पर काही लिहू नकोस. तुझा शब्द ती मोडत नाही. लगेच बॅग भरेल, आणि मग गाद्या जागच्या जागी जातील, घर शांत होईल, आणि त्या शांततेत मी आणि पेपर. (पेपरामागे हे असतातच म्हणा.)

मामा, मी चिमणी. पाकीट चिकटवायला आईनं माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. टेबल वर्षभर रिकामं ठेवतो असं तू मला मागच्याच आठवड्यात फोनवर सांगितलंस, ते मी घरी बोलले नव्हते. आईला आधी तुला रीतसर विनवू दे म्हटलं. बाकी सगळं खरं आहे, फक्त नळ सोडून रडत होती ती आई. मी भांडी विसळत होते. पुढच्या वर्षी नक्की येते. वीत तर मी पहिल्या महिन्यातच भरून काढीन. उरलेलं वर्ष आईला सवय व्हायला लागेल.